पंचनाम्यात एकच गाय. म्हैस, कालवड, शेळ्या कशा नोंदवायच्या?

प्रश्न : आमची वस्ती माढा तालुक्यात, सीना नदीच्या काठावर. रात्री दीडच्या सुमारास गोठ्यात पाणी शिरलं. संकरित गाय आणि म्हैस दावणीलाच गेली. आठ महिन्यांची कालवड आणि सहा शेळ्या वाहून गेल्या. २२ कोंबड्या खुराड्यात बुडाल्या. घराला लागून असलेला गोठा पडला. तिसऱ्या दिवशी वास सुटला म्हणून जेसीबी लावून गाय-म्हैस पुरली. पाचव्या दिवशी तलाठी आले. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मोबाइलमधल्या फोटोत दिसला, तेवढी एक गाय त्यांनी लिहिली. म्हैस बाजारातून घेतलेली, तिचा बिल्ला जुन्या मालकाच्या नावावर आहे. वाहून गेलेल्या जनावरांचा पुरावा काय, असं ते विचारतात. गाईची नोंद आमच्या ह्यांच्या नावावर, तर दूध संस्थेचं खातं सासऱ्यांच्या नावावर. आज बारावा दिवस आहे. आता काही होऊ शकतं का?
एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, होऊ शकतं. मात्र याद्या तहसील कार्यालयातून वर गेल्या की दुरुस्ती फार अवघड होते, म्हणून खालची कामं याच आठवड्यात उरका.

आधी तुमचं किती अडलंय ते पाहू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ पासूनच्या दरांप्रमाणे गाय किंवा म्हैस, म्हणजे दुधाळ मोठं जनावर गेलं तर ३७,५०० रुपये, बैल-घोड्यासारखं ओढकामाचं जनावर गेलं तर ३२,००० रुपये, वासरू, गाढव, खेचर यांना २०,००० रुपये, शेळी-मेंढीला ४,००० रुपये, आणि कोंबडीला १०० रुपये, पण एका कुटुंबाला जास्तीत जास्त १०,००० रुपये. घराला जोडून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये. तुमची गाय आणि म्हैस मिळून ७५,०००, कालवड २०,०००, शेळ्या २४,०००, कोंबड्या २,२००, गोठा ३,०००. बेरीज १,२४,२०० रुपये. पंचनाम्यात आज आहेत ३७,५००. म्हणजे ८६,७०० रुपये नोंदीबाहेर राहिले आहेत. आठ महिन्यांची कालवड वासरातच मोजतात, तिला गाय म्हणून लिहायचा आग्रह धरू नका.

या दरांना कुटुंबामागे जनावरांच्या संख्येची मर्यादा आहे: तीन मोठी दुधाळ किंवा ३० लहान दुधाळ (शेळी-मेंढी), तीन मोठी ओढकामाची किंवा सहा लहान ओढकामाची (वासरू, गाढव, खेचर). २०२५ च्या सप्टेंबरमधल्या पुरानंतर राज्य सरकारने तीन जनावरांची अट काढल्याचं जाहीर केलं होतं. तुमचा आकडा मूळ मर्यादेतही बसतो, त्यामुळे कुणी मर्यादेचं कारण सांगून परत पाठवलं तर परत येऊ नका.

तलाठ्यांवर राग धरू नका. पंचनामा म्हणजे जागेवर काय दिसलं त्याची नोंद. पाचव्या दिवशी त्यांना माती लोटलेला खड्डा आणि रिकामी दावण दिसली. उरलेलं त्यांना दिसेल असं तुम्हालाच मांडावं लागणार. प्रत्येक जनावराबाबत तीन गोष्टी पटल्या पाहिजेत: ते जनावर खरंच होतं, ते तुमचंच होतं, आणि ते या पुरातच गेलं. तिन्हींचे कागद वेगळे आणि मिळण्याची ठिकाणंही वेगळी. त्या तिन्ही गोष्टी एकाच कागदातून सिद्ध करायला गेलं की अर्ज अडकतो.

म्हशीपासून सुरुवात करा, कारण तिथे रक्कम मोठी आणि पुरावा मिळण्यासारखा आहे. बिल्ला जुन्या मालकाच्या नावावर राहणं ही फार सर्रास चूक आहे. बाजारात व्यवहार होतो, पैसे दिले जातात, जनावर घरी येतं आणि ‘भारत पशुधन’ या जनावरांच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत नाव बदलायचं राहून जातं. १ जून २०२४ पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात असं जनावर मेलं तर नुकसानभरपाई देय नाही, असा नियम आहे. तुमच्या म्हशीला बिल्ला होता हे तुमच्या बाजूचं आहे. अडचण फक्त नावाची आहे.

बाजार समितीची खरेदी पावती शोधा. भिजून गेली असेल तर तारीख सांगून समितीच्या कार्यालयातून दाखला मागा, त्यांच्याकडे स्थळप्रत असते. मूळ मालक ओळखीचा असेल तर त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र घ्या: अमुक वर्णनाची, अमुक बारा अंकी क्रमांकाची म्हैस अमुक तारखेला अमुक रकमेला यांना विकली, तिच्यावर माझा हक्क नाही, तिच्या मृत्यूबद्दलच्या मदतीवरही माझा दावा नाही. शेवटचं वाक्य विसरू नका. तहसीलमध्ये भीती असते ती एकाच बिल्ल्यावर दोघांनी मदत मागण्याची. बिल्ल्याचा नंबर लक्षात नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. लाळ्या-खुरकूत किंवा लम्पीची लस तुमच्या वस्तीवर कधी टोचली, त्या दिवशीच्या नोंदी पाहिल्या की नंबर सापडतो. तिथेच नोंदीचा उतारा मागा आणि त्यावर दवाखान्याचा शिक्का-सही घ्या.

पुरलेलं जनावर स्वतः उकरू नका. बिल्ला प्लॅस्टिकचा असतो, मातीत कुजत नाही. गरज पडली तर पशुधन विकास अधिकारी आणि तलाठी यांच्या समक्ष डोक्याकडची बाजू उघडून बिल्ला पाहता येतो. पण तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. खड्डा नेमका कुठे आहे ते मात्र आजच नोंदवून ठेवा: गट नंबर, बांधापासूनचं अंतर, जवळची खूण, आणि त्या जागेचा फोटो. जेसीबीवाल्याकडून तारीख, तास आणि ‘दोन मोठी मृत जनावरं पुरण्यासाठी खड्डा’ असा मजकूर असलेली पावती लिहून घ्या. ती पावती ‘पुरातच गेलं’ या गोष्टीचा उत्तम पुरावा आहे, आणि हा कागद मागायचं बहुतेकांना सुचत नाही.

दूध संस्थेचं खातं सासऱ्यांच्या नावावर आहे, हे अडचण म्हणून पुढे येईल. वापरलं तर तेच सर्वांत भक्कम साधन आहे. संस्थेच्या सचिवांकडून पुराच्या आधीच्या तीस दिवसांचा आणि नंतरच्या दहा दिवसांचा दैनंदिन उतारा घ्या, गाईचं आणि म्हशीचं दूध वेगळं दाखवलेला. म्हशीचं दूध पुराच्या दिवसापर्यंत येतंय आणि दुसऱ्या दिवसापासून शून्य, हे कुणी खोडू शकत नाही. फॅटचा आकडाही त्यात असतो, म्हशीच्या दुधाचा फॅट गाईपेक्षा सरळ वेगळा दिसतो. सोबत सासऱ्यांचं साध्या कागदावरचं संमतीपत्र जोडा: कुटुंब एक, शिधापत्रिका एक, जनावरांची मदत मुलाच्या नावे द्यायला हरकत नाही. शिधापत्रिकेची झेरॉक्स त्यालाच टाचा. शिधापत्रिका वेगळ्या असतील तर घोळ करू नका. कोणतं जनावर कोणाचं ते आधी घरात ठरवा आणि अर्ज वेगवेगळे करा. एकच जनावर दोन अर्जांत आलं की दोन्ही अर्ज बाजूला पडतात.

आता वाहून गेलेली जनावरं. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की हा भाग कठीण आहे. मेलेलं जनावर डॉक्टरला दाखवता येतं, न सापडलेलं दाखवता येत नाही. त्यामुळे आजूबाजूचे पुरावे जितके गोळा कराल तितकं चांगलं. पोलीस ठाण्यात जाऊन कालवड आणि सहा शेळ्या पुरात वाहून गेल्याची लेखी खबर द्या आणि तिची पोच घ्या. पोलीस पाटलांचा दाखला घ्या. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या गावांच्या पोलीस पाटलांनाही फोन करा. एखाद्या बंधाऱ्याला, बाभळीच्या झुडपात अडकलेली जनावरं तिथल्या लोकांनी पाहिलेली असतात, कधी पुरलेलीही असतात. कुणाच्या मोबाइलमध्ये फोटो निघाला आणि तुमची शेळी ओळखू आली तर तो फोटो आणि काढणाऱ्याचं लेखी निवेदन मिळवा.

गोठ्यातलं अजून साफ केलं नसेल तर आता थांबा. तुटलेलं दावं, उपटलेला खुंटा, भिंतीवरची पाण्याची रेघ, गाळात रुतलेली गव्हाण यांचे फोटो घ्या. पाण्याच्या रेघेजवळ टेप धरून उंची दिसेल असा एक फोटो हवाच. जमिनीपासून पाच फुटांवर रेघ असेल तर दावणीच्या जनावराचं काय झालं हे वेगळं सांगावं लागत नाही.

शेळ्यांना बिल्ले नव्हते, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. मग दवाखान्यातली पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) लशीची यादी पाहा, त्यात मालकाचं नाव आणि शेळ्यांची संख्या असते. लग्नकार्यातले, सणाचे, मुलांनी काढलेले जुने फोटो काढा. मागे शेळ्या बांधलेल्या दिसत असतील तर उपयोगाचे आहेत. शेजारच्या, पण नात्यात नसलेल्या दोघांचे जबाब घ्या. एवढं करूनही बिल्ल्याच्या नियमावर बोट ठेवून शेळ्या नाकारल्या जाऊ शकतात. तरीही मागणी लेखी करा, कारण नकार आला तर तोही लेखी मिळेल आणि पुढे दाद मागता येईल. संख्या मात्र खरीच लिहा. सहाच्या आठ केल्या आणि लशीच्या यादीत सहाच निघाल्या तर गाय-म्हशीवरही संशय येतो. खोट्या दाव्याला आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५२ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

कोंबड्यांसाठी खुराड्याचा फोटो, पिल्लं किंवा खाद्य घेतल्याची पावती असेल तर ती, आणि शेजाऱ्याचा जबाब पुरे.

अर्ज तहसीलदारांच्या नावे करा. प्रती गटविकास अधिकारी, तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी आणि तुमच्या सजेचे तलाठी यांना. तलाठ्यांचं पदनाम आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवकांचं ‘ग्रामपंचायत अधिकारी’ आहे, पत्त्यात तसं लिहा. विषय असा लिहा: ‘पुरात मृत व वाहून गेलेल्या पशुधनाचा पुरवणी पंचनामा करून मदतीच्या पुरवणी यादीत नाव घेणेबाबत’. ‘पुरवणी’ हा शब्द महत्त्वाचा. ‘पंचनामा चुकीचा झाला’ असं लिहिलंत तर कागद चौकशीच्या वाटेला जातो आणि महिने जातात. ‘या बाबी राहून गेल्या’ असं लिहिलंत तर तोच कागद त्याच टेबलावर पुरा होऊ शकतो. मजकुरात घटनेची तारीख-वेळ, गट नंबर, प्रत्येक जनावर वेगळ्या ओळीत: प्रकार, जात, रंग, शिंगं, वय, कितवं वेत, दुधात की गाभण, बिल्ला क्रमांक, मृत की वाहून गेलं, प्रेत कुठे पुरलं. सगळ्या जोडपत्रांना क्रमांक द्या आणि शेवटी त्यांची यादी द्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला अर्ज म्हणजे अर्ज दिला असं धरू नका.

पुरवणी पंचनाम्याला मंडळी आली की सही करण्याआधी सगळा वाचा, वाचता येत नसलेल्यांनी वाचून घ्या. मृत्यूचं कारण ‘पुराच्या पाण्यात बुडून’ असं स्पष्ट हवं. नुसतं ‘मृत’ किंवा ‘आजारी पडून’ लिहिलं तर मदत बसत नाही. मालकाचं नाव आधारवर आहे तसंच हवं. पंच नात्यातले नकोत. कोऱ्या नमुन्यावर सही देऊ नका. सही झालेल्या प्रत्येक पानाचा तिथेच फोटो काढा.

मदत आधार जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. ज्यांच्या नावे अर्ज आहे त्यांचं आधार नेमक्या कोणत्या खात्याला जोडलेलं आहे हे बँकेत विचारा. पूर्वी कधीतरी उघडलेलं, वापरात नसलेलं खातं जोडलेलं असलं की पैसे तिकडे जातात किंवा परत फिरतात. यादीत नाव आल्यावर ई-केवायसी करायला सांगितलं तर यादीत तुमच्या नावापुढे दिलेला विशिष्ट क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जा आणि केल्याची पावती जपा.

गाय कर्जावर घेतलेली असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेत विचारा, विमा अनेकदा कर्जासोबतच उतरवलेला असतो आणि घरात कुणाला माहीत नसतं. विम्याचा दावा हा वेगळा अर्ज आहे, कळवायला आधीच उशीर झालाय, तर आजच लेखी कळवा आणि पुरामुळे रस्ता-वीज बंद होती हे कारण नमूद करा.

पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे त्याच अर्जाची प्रत आणि आवक क्रमांक घेऊन जा. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, तिथेही मांडता येतं. जाताना आमच्यावर अन्याय झाला एवढंच सांगू नका. अमुक क्रमांकाचा अर्ज अमुक तारखेपासून कुठल्या टेबलावर आहे, हे विचारा.

नदीकाठच्या आणि डोंगरमाथ्यावरच्या इतर वाचकांसाठी थोडं सांगायला हवं, कारण ताईंचं सगळं अडलं ते पहिल्या दोन दिवसांत.

जनावर गेल्याचं कळताच तलाठी आणि पशुवैद्यकीय दवाखाना दोघांना फोन करा. फोन लागत नसेल तर पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे क्रमांक आहेत. शवविच्छेदन दिवसाउजेडी करतात, म्हणून सकाळी लवकर कळवा. पावसाळी दमट हवेत २४ तास उलटले की प्रेत फुगतं, आतले अवयव सडतात. बुडालेल्या जनावराच्या श्वासनलिकेतला फेस आणि गाळ हीच बुडाल्याची खूण असते, ती उशिरा ओळखू येत नाही. डॉक्टर येऊच शकत नसतील तर प्रेत हलवण्याआधी सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी यांच्यापैकी दोघांना जागेवर आणा आणि साध्या कागदावर तारीख-वेळ टाकून सह्या घ्या.

फोटो असे हवेत: अख्खं जनावर दोन्ही बाजूंनी, चेहरा, बिल्ल्याचे बारा अंक वाचता येतील इतक्या जवळून, मालक जनावराशेजारी उभा, आणि मागे घर किंवा ओळखीचं झाड दिसेल असा एक लांबून. बिल्ल्यावर चिखल असेल तर आधी पुसा, यात सर्वाधिक फोटो वाया जातात. ठिकाण आणि वेळ छापणारं कॅमेरा ॲप वापरा. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली ठिकाणाची माहिती निघून जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की राहते. पुरण्याआधी बिल्ला कापून स्वतःकडे ठेवू नका, पंचांसमक्ष काढा आणि तसं कागदावर लिहा.

खड्डा विहीर, बोअर, ओढा यांपासून लांब आणि उंचावर. मोठ्या जनावराला साधारण आठ फूट लांब, पाच फूट रुंद, सात फूट खोल. खाली-वर चुना, आणि प्रेतावर किमान चार फूट माती.

एक सावधगिरी मात्र मदतीपेक्षा मोठी आहे. जनावर अचानक मेलं, नाका-तोंडातून किंवा शेणाच्या जागेतून काळपट, न गोठणारं रक्त येतंय, तर ते फाशी रोगाचं (अँथ्रॅक्स) असू शकतं. ते उघडायचं नाही, कातडं काढायचं नाही, कुत्र्यांना पोहोचू द्यायचं नाही. हा रोग माणसालाही होतो. पूर आला म्हणून प्रत्येक मृत्यू पुराचा नसतो, डॉक्टरांना आधी बाहेरून पाहू द्या.

वीज पडून जनावर गेलं तर तीही राज्यात मदतीला पात्र आपत्ती आहे. झाडाखालचे फोटो, सालीवरचा पट्टा, अंगावर केस जळाल्याची रेघ, तोंडात तसाच राहिलेला चाऱ्याचा घास, हे सगळं टिपा. तुटलेल्या वीजतारेचा धक्का मात्र वेगळा. तिथे वीज वितरण कंपनीला आणि विद्युत निरीक्षकांना कळवायचं, आणि तार जागची हलवू द्यायची नाही. बिबट्या-लांडग्याने मारलं तर वन विभागाकडे, ४८ तासांच्या आत. सर्पदंशाने गेलं तर या निधीतून मदत बसत नाही.

मेंढपाळांसाठी: पंचनामा जिथे मेंढ्या मेल्या तिथल्या तलाठ्याने करायचा असतो, तुमच्या मूळ गावच्या नव्हे. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि थंडीने पुणे-नगर भागात हजारो मेंढ्या गेल्या तेव्हा वाड्यावरच्या (मेंढ्यांसह रानात मुक्कामी असलेल्या) अनेकांना नेमका हाच प्रश्न पडला होता. वाडा हलवायच्या आधी पंचनामा पुरा करून घ्या. शेतमालकाचा, ज्याच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या त्याचा जबाब घ्या, आणि आपलं आधार व बँक पासबुक यांची झेरॉक्स नेहमी सोबत ठेवा.

आणि ताई, तुमच्या गोठ्यात किंवा पाहुण्यांकडे हलवलेलं एखादं जनावर वाचलं असेल तर अर्ज द्यायला जाल त्याच दिवशी दवाखान्यात त्याचा बिल्ला कोणाच्या नावावर आहे ते पाहून या. नाव बदलायचं असेल तर ते जनावर जिवंत असतानाच सहज होतं.